टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं

ये. चपला बाहेर काढ. बसू नकोस, चहाला वेळ आहे. आधी अंगणात चल, तुझ्या गाडीपाशी. फोनवर अर्धा तास तिच्या नावाने रडलास ना, आता तिच्यासमोर बोल.

काय म्हणाला होतास? "सर, हायब्रिड म्हणजे नुसता फुगा. अ‍ॅव्हरेज बावीसवरून एकोणिसावर आलं." बरं, तुझं तू रडला असतास तर मी काही बोललो नसतो. पण जळगावच्या शाखेत दोघांची हायब्रिड घ्यायची ठरली होती आणि तू त्यांना बुकिंग रद्द करायला लावलंस, हे तूच मला फुशारकीने सांगितलंस. मेकॅनिकलची पदवी आहे ना तुझ्याकडे? पुढे बँकेत चिकटलास, ठीक आहे, पोटापाण्याचं ज्याचं त्याने बघावं. पण पदवी काही विद्यापीठाला परत केली नाहीस. कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याचा सातबारा चार वेळा उलटापालटा करून बघतोस, आणि सव्वा टनाच्या यंत्रावर एका वाक्यात शेरा मारून मोकळा होतोस?

वाक खाली. पँट मळू दे. टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाच. मोठ्याने वाच, दहावीत वाचायचास तसं पुटपुटू नकोस. "२२५/६५ आर १७." पुढे? "१०२." हं. आता चालकाच्या बाजूचं दार उघड. तिथे खांबाला स्टिकर आहे. धूळ पूस. अडीच वर्षांत कधी हात लागलेला दिसत नाही त्याला. काय लिहिलंय? "२१५/६० आर १७." दोन्ही एकच का?

"दुकानदार म्हणाला, बसतं." बसतं! नऊ नंबरच्या पायाला दहाचा बूटही बसतो, पुढे कागदाचा बोळा कोंबला की. जरा स्टिअरिंग शेवटपर्यंत वळव. ऐकू आलं? आतल्या प्लास्टिकला घासतंय. दुकानातून निघाल्यापासून ते घासत असणार, तू गाणी लावून बसला असशील.

आता तुला सांगतो तुझ्या बावीस-एकोणिसाचं काय झालं. पाटी तुझ्याकडे नाही, फोन काढ. कॅल्क्युलेटर उघड, दुसरं काही उघडू नकोस. जुना टायर २१५ मिलिमीटर रुंद. त्याच्या ६० टक्के म्हणजे बाजूची उंची, १२९. ती वर आणि खाली, दोनदा धरायची, २५८. मधली रीम १७ इंच, म्हणजे ४३१.८. झाला ६८९.८ मिलिमीटर व्यास. आता नवा कर. २२५ च्या ६५ टक्के, दुप्पट, अधिक तीच रीम. किती? ७२४.३. भाग दे एकाला दुसऱ्याने. १.०५. बरोबर पाच टक्के मोठं चाक.

मग? बघतोस काय माझ्याकडे? मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. एका फेऱ्याला किती अंतर, हे कारखान्यात जुन्या चाकावरून ठरवून दिलेलं आहे. तू चाक मोठं केलंस, मीटरला कोणी सांगितलं का? तो बिचारा १,००० किलोमीटर लिहितो तेव्हा गाडी १,०५० चाललेली असते. म्हणजे तुझे ते एकोणीस खरे किती? गुण. १९.९५. पडलेल्या तीन किलोमीटरमधला जवळजवळ एक तर पडलाच नव्हता! तो तू टायरच्या दुकानात गहाळ केलास आणि चोरीची फिर्याद गाडीवर नोंदवलीस.

पटत नाही? हा घे खडू. टायरवर जमिनीला टेकतं तिथे रेघ मार, फरशीवरही मार. गाडी न्यूट्रलला टाक, आपण दोघं ढकलू. हळू. रेघ फिरून पुन्हा खाली आली की थांब. आता तिथे रेघ मार आणि टेप लाव. दोन मीटर एकवीस. गणिताने व्यासाला पायने गुणलंस तर २.२७ यायला हवे, पण वजनाखाली टायर थोडा दबतो, म्हणून कमी आले. जुन्या टायरला साधारण दोन मीटर दहा आले असते. हा प्रयोग आठवीच्या पोरांकडून मी सायकलच्या चाकावर करून घ्यायचो. तू त्या दिवशी गैरहजर असणार.

आता दुसरी गंमत. जुने टायर किती चालले होते? ३८ हजार. गोटा झाले होते ना? नव्या टायरला नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, तुझी दोनवर आली असेल. कायद्याने १.६ च्या खाली गेली की टायर टाकायचा, म्हणजे तू काठावर होतास. झिजलेलं चाक लहान. लहान चाक फेरे जास्त घेतं, मीटर जास्त धावतो. म्हणजे तुझे ते बावीसही फुगवलेले होते, दीड टक्क्याने. खरे साडेएकवीसच्या थोडे वर. शिवाय झिजलेल्या टायरवर रबर कमी, म्हणून तो नव्यापेक्षा हलका पळतो. त्याच मापाचा, त्याच कंपनीचा, अगदी तोच टायर नवा कोरा घातला असतास तरी पहिले काही महिने अ‍ॅव्हरेज थोडं पडलंच असतं. गोटा टायर आणि नवा टायर यांची तुलना करायची नसते. निवृत्तीला आलेल्या शिपायाला सगळी शाखा पाठ असते, म्हणून काल लागलेल्या पोराला कामचुकार म्हणतोस का?

बावीस कधी मोजले होते? जानेवारीत. आणि एकोणीस? आत्ता, मे महिन्यात. वा! भुसावळात जानेवारीत काच खाली करून जातोस, आणि मेमध्ये पंचेचाळीस अंशांत एसी फुल्ल. हायब्रिडचा एसी विजेवर चालतो, ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. तो खर्च कोणाच्या खात्यावर टाकलास? टायरच्याही नाही, गाडीच्या! आणि मोजलं कसं? "स्क्रीनवर दाखवतं." टाकी एकदा काठोकाठ भरायची, आकडा लिहायचा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची, भागाकार करायचा. एवढं तर तुझे वडील त्यांच्या लुनासाठीही करायचे, वहीत.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं नाव काढू नकोस. ते भांडण वेगळं आहे, त्यावर माझंही काही म्हणणं आहे, पण तेच पेट्रोल जुन्या टायरच्या वेळीही टाकीत होतं.

एवढं सगळं वजा जाता जे उरतं ते मात्र खरं आहे. दीड किलोमीटरच्या आसपास. त्यातला थोडा एसीचा, बाकीचा या टायरचा. टायर किती खातो, ते बघायचंय?

हात लाव त्याला. जळगावहून आत्ताच आलास ना? गरम आहे. ऊन तर कधीच कललं. ही ऊब कुठून आली? टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. दर फेऱ्याला हेच. रबर दाबायला जेवढी शक्ती लागते तेवढी सुटताना परत मिळत नाही, थोडी त्याच्या अंगात मुरते आणि उष्णता होते. ती ऊब म्हणजे तुझं पेट्रोल. सांडलेलं असतं तर निदान डाग दिसला असता.

तुझे वडील यार्डात शंटिंगला होते. शाळा सुटली की तू त्यांचा डबा घेऊन जायचास, मी पाहिलंय तुला रुळांच्या कडेने जाताना. लूज शंटिंग आठवतं? इंजिन वाघिणीला धक्का देऊन मागे थांबायचं आणि वाघीण आपली आपण गडगडत केवढी तरी लांब जायची. बावीस-तेवीस टनांची रिकामी वाघीण चार खलाशी पहार लावून हलवायचे. आणि तुझी ही सव्वा टनाची गाडी ढकलताना आत्ता आपण दोघं धापा टाकत होतो. हे कसं? पोलादी चाक पोलादी रुळावर दबत नाही. तिथे एका टनाला एक-दोन किलोची ओढ पुरते. मोटारीच्या टायरला टनाला आठ-दहा किलो लागते. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल लावतात, आता त्यात टनाला साडेसहा किलो किंवा कमी ओढणारा टायर 'ए', साडेदहाच्या वर गेला की शेवटचा वर्ग. तुझ्या गाडीत चार माणसं बसली की वजन सोळाशे किलो. पहिल्या वर्गाचा टायर असेल तर गाडीला मागे धरायला सारखी साडेदहा किलोची ओढ. शेवटच्या वर्गाचा असेल तर जवळजवळ सतरा किलो किंवा त्याहून वर. म्हणजे तू रोज सकाळी डिकीला दोरी बांधून सात किलोचं लोढणं मागे ओढत जळगावला जातोस, आणि म्हणतोस इंजिनात दम नाही.

आणि हायब्रिडला हे लोढणं जास्त बोचतं. का, ते तरी सांग. पदवीधर! साध्या गाडीत पेट्रोल इंजिनात वाया जातं, ब्रेकमध्ये वाया जातं, सिग्नलला उभं राहून वाया जातं. त्या उधळपट्टीत टायरची चोरी झाकली जाते. हायब्रिडने बाकीच्या गळत्या बुजवल्या. ब्रेक दाबलास की मोटर उलटी चालून वीज परत बॅटरीत भरते. तुझ्या बँकेच्या भाषेत, ब्रेकला दिलेलं कर्ज बरंचसं वसूल होतं. टायरला दिलेलं मात्र बुडीत खातं, त्यातला पैसाही परत येत नाही. आणि बॅटरी केवढी? ०.७६ युनिट. पाऊण युनिट! बायकोने तासभर इस्त्री केली की संपली. दीपनगरचं वीज केंद्र नाही ते. एवढ्याशा बटव्यावर गाडी गावात इंजिन बंद ठेवून गुपचूप चालते, म्हणून तर कंपनी लिटरला २७.९७ छापते. रस्त्यावर तेवढं कुणालाच मिळत नाही, तो भाग वेगळा. पण ओढ वाढली की बटवा लवकर रिकामा, इंजिन लवकर सुरू. गावात तिशी-चाळिशीच्या वेगाला हवेचा अडथळा थोडा असतो, टायरच मोठा खाणारा. हायवेला ऐंशीच्या वर गेलास की हवा टायरला मागे टाकते, वेग दुप्पट तर हवेची ओढ चौपट. तू हायवेवर किती वेगाने जातोस ते विचारत नाही. या मोठ्या चाकांवर काटा तुला शंभर दाखवतो तेव्हा कदाचित खरेच शंभर असतील. आधी तो दाखवायचा शंभर आणि गाडी चालायची त्याहून कमी, कारण काटा मुळात थोडा वाढवूनच सांगतो. म्हणजे त्याच काट्यावर तू आता जास्त वेगाने जातोयस. तेही पेट्रोल मोज.

खरं तर भुसावळ–जळगाव रोज जाणाऱ्याने रेल्वेचा पास काढावा. पोलादी चाक. असो, तुला पार्किंगमध्ये मिरवायचं असतं.

हे टायर का घेतलेस, ते सांग. खरं सांग. "टायरवाला म्हणाला, भो, गाडी एक नंबर दिसीन." दिसीन! जाड बटणाची नक्षी, शेताच्या बांधावर चढायला केलेली. तुझं शेत आहे का? वडिलांनी यावलची दोन एकर विकून तुला शिकवलं. वर १०२ भारांक. १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो. चारांचे झाले चौतीसशे. कंपनीने ९६ दिला होता, ७१० किलोचा, तो या गाडीला भरपूर होता. मागच्या सीटवर रावेरहून केळीचे घड भरून आणणार आहेस? जड टायर, जाड रबर, खोल बटणं. दबायला रबर जास्त, म्हणून तापायलाही जास्त. आणि पैसे? टायरमागे दीड हजार जास्त. चाराचे सहा हजार वर मोजून तू ओढ विकत आणलीस. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर जातोस, पेट्रोल १०५ धर. एसीचा वाटा सोडून दिला तरी साल भरताना चार-पाच हजार रुपये या बटणांनी खाल्लेले असतील.

अजून एक आकडा वाच. त्या लंबगोल चौकटीतले चार अंक. "३८२२." म्हणजे २०२२ सालचा अडतिसावा आठवडा. सप्टेंबर. तुझी गाडी कधी घेतलीस? त्या साली दिवाळीत. म्हणजे तुझी गाडी घरी आली त्याच्याआधी हा 'नवा' टायर जन्मला होता! खानदेशातले उन्हाळे पत्र्याच्या गोदामात काढले त्याने. यालाच 'ऑफर' म्हणाला होता तो. त्याला दोष देऊ नकोस, त्याने लपवलं काहीच नाही. टायरच्या अंगावर कोरलेलं होतं. तू वाचलं नाहीस.

आणि हवा किती आहे? माझं गेज आण, फळीवर आहे. सव्वीस! स्टिकरवर किती लिहिलंय? तेहतीस. मग सव्वीस कशी? "उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो, असं सगळेच म्हणतात." सगळे म्हणजे कोण? पानटपरीवरचे? अरे, बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाने किती वाढतो याचं गणित मी तुम्हाला अकरावीत शिकवलंय. सकाळी तीस अंशांना तेहतीस पॉइंट असेल आणि टायर साठ अंशांपर्यंत तापला, तर चार-पाच पॉइंट वाढतात. सदतीस-अडतीस. एवढ्याने टायर फुटत नाही, त्याच्या बाजूवर जो कमाल दाब छापलेला असतो तो याहून वर असतो. टायर फुटतो तो हवा कमी असल्याने. बाजू जास्त वाकते, जास्त तापते, आतले थर सुटतात, आणि भर वेगात फुटतो. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये आरटीओवाले प्रवेशालाच टायर तपासायला उभे केले होते, ते काय हौस म्हणून? हवा सकाळी भरायची, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. तापलेल्या टायरातली हवा सोडायची नाही. कमी हवेने पेट्रोलही जातं, पण मला पेट्रोलची काळजी नाही. मागच्या सीटवर तुझी पोरगी बसते.

आता उलट्या बाजूला पळू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे. उद्या जाशील आणि सगळ्यात कडक, सगळ्यात स्वस्त 'मायलेज'वाला टायर घालून येशील. पूर्वी हाच घोळ होता. ओढ कमी करायला रबर कडक केलं की ओल्या रस्त्यावर पकड जायची. १९९२ मध्ये मिशेलिनने नक्षीच्या रबरात काजळीच्या जागी बरीचशी सिलिका घातली आणि ओढ कमी होऊनही पकड टिकली. आता चांगल्या कंपन्या ते करतात. आपल्याकडेही २०२२ मध्ये केंद्राने टायरची ओढ, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींची किमान अट घातली आहे. फ्रिजवर असतात तसे बीईईचे तारे टायरलाही मिळू लागलेत. दुकानात विचार. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या कागदावर बघ. वाळूजला, चाकणला, सातपूरला टायरचे कारखाने आहेत, टायर काही विलायतेहून बोटीने येत नाहीत. पहूर, जामनेरवरून परत येताना अजिंठ्याचा घाट पहिल्या पावसात उतरायचा असतो, तेव्हा लिटरमागे अर्धा किलोमीटर जास्त मिळतो म्हणून आनंद होत नाही. आधी पकड बघ, मग ओढ. पण दोन्ही बघ. शोभा शेवटी.

आणि जास्त हरखू नकोस. अमेरिकेत २००६ मध्ये याचा मोठा अहवाल झाला होता. टायरची ओढ दहा टक्के कमी केली तर पेट्रोल एक ते दोन टक्के वाचतं, एवढंच. चांगला टायर घातल्याने एकोणिसाचे सत्तावीस होणार नाहीत. कोणी दुकानदार तसं म्हणाला तर उठून ये.

काय करायचं? यांना नऊशे किलोमीटर झालेत. ज्या गाडीला हे माप लागतं अशा कोणाला तरी विक, आणि विकताना तो सप्टेंबर २०२२ स्वतःच्या तोंडाने सांग. स्टिकरवरचं माप घाल, ९६ चा भारांक, या वर्षीचे अंक बघून, पावसाची पकड चांगली असलेला. अलाइनमेंट करून घे. चाक वाकडं असेल तर चांगला टायरही घासत जातो. गेज विकत घे, तीनशे-चारशेला मिळतं. वहीत लिही. पंप एकच. जूनपासून ऑगस्टपर्यंत लिही, मग पुढच्या जानेवारीत लिही. मे आणि जानेवारी एकमेकांशी भांडायला लावू नकोस.

आणि सोमवारी शाखेत गेलास की ते दोघं ज्यांची बुकिंग तू मोडलीस, त्यांच्यासमोर हा हिशेब कागदावर लिहून ठेव. आकड्यांसकट. बावीसमधलं फुगवलेलं किती, एकोणिसातलं मीटरने खाल्लेलं किती, एसीचं किती, बटणांचं किती. गाडीचं चुकलं की तुझं, ते त्यांना ठरवू दे. लाज वाटेल. वाटू दे. मे महिन्यात शंटिंग करून यार्डातून परत येताना तुझ्या वडिलांच्या पायाला फोड आलेले मी पाहिलेत, त्यापुढे ही लाज काहीच नाही.

जा, हात धू, चहा झालाय. आणि खडू खिशात कुठे घालतोस? इकडे दे.